व्हेपोरायझरचं तापमान कसं ठरवावं: जर्मनीत औषध म्हणून कॅनाबिसची फुलं मिळालेल्यांसाठी

मणक्याच्या ऑपरेशननंतर माझ्या डाव्या पायात जी आग उरली ती तीन वर्षं कुठल्याच गोळीला बधली नाही. शेवटी श्टुटगार्टमधल्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी कॅनाबिसची, म्हणजे गांजाची, वाळलेली फुलं लिहून दिली. सिगारेटसारखी जाळायची नाहीत, व्हेपोरायझरमध्ये तापवून वाफ घ्यायची, एवढंच सांगितलं. अपोथेकेतून (औषधांच्या दुकानातून) डबी आणली, यंत्र चार्ज केलं. पडद्यावर १८० हा आकडा उमटला आणि शेजारी अधिक-उण्याची दोन बटणं. किती ठेवायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

त्या रात्री इंटरनेटवरच्या एका तक्त्यावर विसंबून मी थेट २१० ठेवलं आणि लागोपाठ पाच झुरके घेतले. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, तोंडाला कोरड पडली, उभी राहिले की डोळ्यांसमोर अंधारी. मुलगा दोन तास माझा हात धरून बसला होता. औषध वाईट नव्हतं. आजही त्याच फुलांवर मला झोप लागते. चुकला होता तो आकडा. ती रात्र दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

हे फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाबद्दल आहे. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तुम्हाला किंवा घरात कुणाला सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याच्या मानसिक आजाराचा) त्रास झालेला असेल, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी ते सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. आकड्यांचा विचार त्यानंतर.

## १. आधी हे जमवून ठेवा

जर्मनीत मार्च २०१७ पासून डॉक्टर ही फुलं लिहून देऊ शकतात. १ एप्रिल २०२४ पासून कॅनाबिस अमली पदार्थांच्या कायद्यातून बाहेर निघालं, त्यामुळे आता त्यासाठी वेगळं पिवळं रेझेप्ट (डॉक्टरांची औषधाची चिठ्ठी) लागत नाही, साधं चालतं.

कागदपत्रं:
- रेझेप्टची प्रत. फुलाचं नाव, रोजचा डोस आणि 'वाफेतून घेणे' ही सूचना त्यावर आहे ना, ते बघून घ्या.
- तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र. आजार आणि आधी वापरून पाहिलेली औषधं त्यात असावीत.
- विमा कंपनीचं मंजुरीपत्र, खर्च ती देणार असेल तर. यंत्राचा खर्च मिळतो का, हे त्याच वेळी विचारा. नंतर विचारलं तर सगळा कागदी खेळ पुन्हा पहिल्यापासून.

सामान:
- अंशाअंशानं तापमान बदलता येईल असं व्हेपोरायझर
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा
- ग्राइंडर आणि लहान ब्रश
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या
- एक वही

यंत्राबद्दल थोडं सांगते. वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता असलेलंच घ्या. माझं श्टोर्त्स उंड बिकेल या कंपनीचं मायटी मेडिक आहे. कंपनी टुटलिंगेनची, म्हणजे आमच्याच बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातल्या, शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी नावाजलेल्या गावची. २००० साली बाजारात आलेलं त्यांचं व्होल्केनो हे टेबलावरचं यंत्र पुष्कळ वैद्यकीय अभ्यासांत वापरलं गेलं आहे. माझं यंत्र ४० ते २१० अंशांत चालतं. पेनच्या आकाराची स्वस्त यंत्रं, ज्यांत आकड्याऐवजी लाल, निळा, हिरवा दिवा लागतो, ती या कामाची नाहीत. हिरवा म्हणजे नेमके किती अंश हे कळत नसेल तर डोस सांभाळणार कसा?

## २. उत्कलनबिंदूंचे तक्ते बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंटरनेटवर एक रंगीत तक्ता सगळीकडे फिरतो. टीएचसी (फुलातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य) १५७ अंशांना उकळतं, आणि सुगंधी द्रव्यांपैकी कॅरिओफिलीन १३० ला, लिमोनिन १७६ ला, लिनॅलूल १९८ ला वगैरे. त्यावरून सल्ला दिला जातो की १५७ ठेवलं तर टीएचसी मिळेल, १३० ठेवलं तर फक्त कॅरिओफिलीन. वाचायला अगदी शास्त्रीय वाटतं.

कुकर आठवा. दाब वाढला की पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, तिथे पाणी शंभराच्या आतच उकळतं आणि भात कच्चा राहतो. टीएचसीचा १५७ हा आकडा प्रयोगशाळेत जवळजवळ निर्वात भांड्यात, ०.०५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला मोजलेला आहे. आपल्या स्वयंपाकघरातला दाब साधारण ७६० मिलिमीटर, म्हणजे त्याच्या पंधरा हजार पट. कॅरिओफिलीनचा १३० हाही १४ मिलिमीटर दाबाचा आकडा आहे. नेहमीच्या हवेत ते २५० च्या पुढे उकळतं. लिमोनिनचा १७६ मात्र नेहमीच्या दाबाचा. एकाच तक्त्यात वेगवेगळ्या दाबांचे आकडे शेजारी शेजारी बसवलेत आणि दाबाचा रकानाच गाळून टाकलाय.

दुसरं असं की वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरची ओली साडी शंभर अंश न होताच वाळते. फुलातली द्रव्यंही उकळण्याच्या कितीतरी आधीपासून गरम हवेबरोबर थोडी थोडी निघतात, आणि सगळी एकमेकांत मिसळून निघतात. तापमान वाढवलं की त्या मिश्रणाचं प्रमाण बदलतं आणि निघण्याचा वेग वाढतो. अमुक आकड्याला अमुकच द्रव्य, असं दार कुठेही नाही.

मग आकड्याचा उपयोग काय? आकडा म्हणजे गॅसची आच. चकलीची भाजणी करताना प्रत्येक डाळीला किती अंश हे आपण मोजत नाही. मंद आचेवर ठेवतो आणि वासावर, रंगावर लक्ष ठेवतो. इथेही तेच करायचं आहे. फरक इतकाच, की इथे स्वतःच्या शरीराकडेही लक्ष ठेवायचं.

## ३. तुमचं यंत्र फूल कसं तापवतं, ते ओळखा

काही यंत्रं तव्यासारखी असतात. भांड्याची भिंत तापते आणि तिला टेकलेलं फूल तापतं. यात झुरके थांबले तरी फूल तापतच राहतं. दोन झुरक्यांत पाच मिनिटं गप्पा मारल्या तर औषध वाया जातं. मध्ये एकदा भांडं उघडून ढवळावं लागतं, नाहीतर कडेचं करपतं आणि मधलं हिरवं राहतं.

काही यंत्रांत गरम हवा फुलातून खेचली जाते, भट्टीसारखी. ओढाल तेवढ्यापुरतंच फूल तापतं. जोरात ओढलं तर हवेला तापायला वेळ मिळत नाही आणि फूल उलट थंड पडतं. माझं यंत्र दोन्ही रीतींचं मिश्रण आहे.

म्हणून पडद्यावरचा आकडा हा हीटरचा असतो, फुलाचा नाही. मैत्रिणीच्या यंत्रातलं १९० आणि तुमच्या यंत्रातलं १९० सारखं धरू नका. 'मी १९५ वर घेते, तूही घे' हा सल्ला यंत्राचं नाव न विचारता कुणी दिला, तर सोडून द्या.

## ४. फूल तयार करा

काट्यावर मोजा. चिमूट हे माप जिऱ्याला ठीक, इथे नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसच्या पुढे जाऊ नका. माझी सुरुवात ०.०५ ग्रॅमनं झाली होती.

जाडसर रव्याइतपत दळा. पीठ केलं तर जाळी बुजते, हवा जात नाही आणि तुम्ही जोर लावून ओढता. अख्खं ठेवलं तर बाहेरचं भाजतं, आतलं तसंच. भांड्यात सैल भरा, दाबून ठासू नका. थोडंच औषध असेल तर ते मोठ्या भांड्यात इकडेतिकडे उडतं. त्यासाठी यंत्राबरोबर स्टीलच्या जाळीची छोटी गादी किंवा डोसची डबी मिळते, ती वापरा.

फूल दमट असेल तर पहिली उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि वाफ कमी दिसते. अशा वेळी लोक तापमान वाढवतात आणि दोन मिनिटांनी ठसका लागतो. उलट, डबी उघडी राहून फूल कडकडीत झालं असेल तर तेच १८५ घशाला १९५ सारखं लागतं. डबीचं झाकण घट्ट, जागा अंधारी, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर एक गोष्ट नक्की करा. वनस्पतीवर बुरशीचे कण असू शकतात आणि व्हेपोरायझरचं तापमान ते खात्रीनं मारतं असं धरून चालता येत नाही. किरणांनी जंतू मारलेली फुलं मिळतात. अपोथेकेत तसं स्पष्ट विचारून घ्या.

## ५. पहिला दिवस: १८० आणि एकच झुरका

संध्याकाळी, पोटात थोडं काही असताना, घरात कुणीतरी असताना बसा. पाणी जवळ ठेवा. यंत्र १८० वर ठेवा. तापल्याची खूण झाली तरी आणखी अर्धा मिनिट थांबा, फुलाला तापायला तेवढा वेळ लागतो.

ओढायचं कसं? गरम चहावर आपण जितकी हळू फुंकर घालतो तितक्याच हळू, फक्त उलट दिशेनं. आठ-दहा सेकंद. मग दोन-तीन सेकंद धरून सोडा. श्वास कोंडून जास्त औषध मिळतं हा गैरसमज आहे, त्यानं फक्त चक्कर येते.

वाफ दिसली नाही तर घाबरू नका. १८० ला ती इतकी विरळ असते की उजेडात दिसतच नाही. 'काही येत नाहीये' असं समजून पहिल्याच दिवशी आकडा वाढवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. जिभेवर फुलाची चव आली म्हणजे औषध आलं.

आता यंत्र बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. वाफेतून घेतलेल्या औषधाचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, पण चढायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी काहीच त्रास नसेल तर दुसरा झुरका. पहिल्या दिवशी तिसरा नको.

## ६. पुढे पाच-पाच अंशांनी

दोन-तीन दिवस १८० वर काढा. वेदनेत फरक नसेल आणि त्रासही नसेल तर १८५. पुन्हा दोन-तीन दिवस. एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान वाढवलं त्या दिवशी फुलाचं वजन किंवा झुरके वाढवू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

माझ्या यंत्रावर, माझ्या फुलांवर अनुभव असा आहे:

१७५ ते १८५. वाफ विरळ, वास भरपूर, घशाला मऊ. डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं. दिवसा घ्यावं लागलं तर इथेच. याच्या खाली गेलं तर बराचसा सुगंधच निघतो, औषध फार थोडं.

१८५ ते १९५. वाफ डोळ्यांना दिसते, वेदनेवर पकड येते. पायातली आग पहिल्यांदा कमी झाली ती १९० ला. माझं रोजचं काम इथेच भागतं.

२०० ते २१०. दाट वाफ, घसा कोरडा, अंग जड, डोळे मिटायला लागतात. रात्री अंथरुणात असतानाच. मी हे महिन्यातून चार-पाच वेळाच करते.

काही यंत्रं २३० पर्यंत जातात. तिथे फूल करपायच्या बेताला येतं. धूर टाळण्यासाठीच हे यंत्र घेतलं आहे, मग धुराच्या दारात कशाला जायचं? २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत १८ जणांवर झालेल्या अभ्यासात फुलं जाळून आणि तापवून घेण्याची तुलना केली होती. रक्तात उतरलेलं टीएचसी साधारण सारखं होतं, पण तापवून घेणाऱ्यांच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड खूपच कमी सापडला. करपवलं की हा फायदा हातचा जातो.

हे मात्र पक्कं लक्षात ठेवा: तापमान वाढवणं म्हणजे डोस वाढवणं. तेवढ्याच ०.०५ ग्रॅममधून १८० ला जितकं निघतं त्याहून २०० ला जास्त आणि लवकर निघतं. पहिल्या रात्री मी नेमकी इथेच चुकले. वजन डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे होतं, म्हणून डोस बरोबर आहे असं मी धरून चालले. तापवलेलं सौम्य असतं हीसुद्धा चुकीची समजूत आहे. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी क्वचितच कॅनाबिस घेणाऱ्या १७ जणांना तेवढंच टीएचसी दोन्ही रीतींनी दिलं, तेव्हा वाफेचा परिणाम धुरापेक्षा जास्त तीव्र निघाला.

एकाच मात्रेचे दोन टप्पेही करता येतात. १८० वर दोन झुरके घ्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, आणि गरज असेल तरच त्याच फुलावर १९० करून तिसरा. गरज नसेल तर यंत्र बंद. ही रीत मला सगळ्यात आवडते. कारण अर्ध्याहून जास्त वेळा तिसऱ्याची गरज पडत नाही.

अपोथेकेत तुमचं नेहमीचं फूल संपलेलं असेल आणि डॉक्टरांनी दुसरं लिहून दिलं, तर डबीवरची टीएचसीची टक्केवारी वाचा. १८ टक्क्यांवरून २५ वर गेलात तर जुना आकडा चालणार नाही. नव्या फुलाची सुरुवात पुन्हा १८० आणि एका झुरक्यानं.

## ७. चोथ्याचा रंग बघा

यंत्र कोमट झाल्यावर भांडं उघडा आणि उरलेला चोथा पांढऱ्या कागदावर टाका. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हा चोथा जास्त खरं बोलतो.

हिरवट पिवळा, हलक्या भाजलेल्या मुगाच्या डाळीसारखा असेल तर बरंच औषध आत राहिलं आहे. तापमान कमी होतं, किंवा झुरके कमी घेतलेत. एकसारखा तपकिरी, भाजलेल्या जिऱ्याच्या रंगाचा असेल तर काम नीट झालं. कडेला काळा आणि मध्ये हिरवा असेल तर तापमानाला हात लावू नका, दळणं आणि ढवळणं सुधारा. सगळाच काळा, करपलेल्या लसणाच्या वासाचा असेल तर पुढच्या वेळी दहा अंश खाली या. पांढरी राख दिसली तर फूल जळलं आहे. ते यंत्र तसंच वापरू नका, दुकानात दाखवा.

तपकिरी चोथ्यातही थोडं औषध शिल्लक असतं. तो कचऱ्यात उघडा टाकू नका, घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर मुळीच नाही.

## ८. बिघडलं तर काय बदलायचं

ठसका लागतोय: आधी झुरका हळू करा, मग पाच अंश कमी. तरी थांबत नसेल तर जाळी साफ करा. बरेचदा दोष आकड्याचा नसून साचलेल्या चिकट थराचा असतो.

चवच लागत नाही: जोरात ओढताय किंवा यंत्र पुरतं तापलेलं नाही.

वेदना कमी, पण डोकं गरगरतं: तापमान एक पायरी खाली आणा, आणि दोन झुरक्यांतलं अंतर वाढवा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना फोन करा. प्रश्न फुलाचा असू शकतो आणि त्याला बटणावर उत्तर नाही.

धडधड, घबराट, अंधारी: यंत्र बंद करा, आडवे व्हा, पाय उशीवर ठेवा, घोटघोट पाणी प्या, कुणाला तरी जवळ बोलवा. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत उतरतं. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा श्वास लागला तर वाट बघू नका, ११२ लावा.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, फुलाचं नाव, वजन, तापमान, झुरके, आधीची आणि अर्ध्या तासानंतरची वेदना दहापैकी किती. माझ्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या अशा ओळी पाहूनच डोस कमी केला.

## ९. सफाई

भांडं दर वेळी कोमट असतानाच ब्रशनं झाडा, गार झाल्यावर निघत नाही. आठवड्यातून एकदा जाळी आणि वाफेचा मार्ग अल्कोहोलनं पुसा, पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल ओलं असताना यंत्र कधीही चालू करू नका, ते पेट घेतं. साफ केल्यावर पहिल्यांदा रिकामं यंत्र तापवून काढा.

## १०. गाडी, प्रवास आणि भारत

डोस किंवा तापमान बदलत असाल त्या दिवसांत गाडी चालवू नका. ऑगस्ट २०२४ पासून जर्मनीत रक्तद्रवात मिलिलिटरमागे ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी ही मर्यादा आहे. रुग्णांना मिळणारी सूट औषध लिहून दिल्याप्रमाणेच घेत असाल आणि गाडी नीट चालवण्याच्या स्थितीत असाल तरच लागू होते.

शेंगेन देशांत (युरोपातल्या, आपसांत सीमातपासणी नसलेल्या देशांत) जाताना डॉक्टरांनी भरलेला आणि आरोग्य खात्यानं शिक्का मारलेला दाखला लागतो. तो ३० दिवस चालतो.

भारतात हे औषध नेऊ नका. जर्मन रेझेप्ट तिथे कामाचं नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ही फुलं म्हणजे गांजाच. रिकामं, धुतलेलं यंत्रसुद्धा घरीच ठेवा. २०१९ च्या ई-सिगारेटबंदीच्या कायद्यातली व्याख्या एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करणाऱ्या विजेवरच्या उपकरणांपर्यंत जाते, मग आत निकोटिन असो वा नसो. दुबईमार्गे विमान असेल तर तिथले नियमही अतिशय कडक आहेत.

सांगलीला जायचं ठरलं की मी दीड महिना आधी डॉक्टरांना सांगते. ते त्या दिवसांपुरत्या दुसऱ्या गोळ्या ठरवून देतात आणि फुलांचा डोस हळूहळू उतरवतात. तीन-चार आठवडे औषध बंद राहिलं की शरीराची सवय मोडते आणि जुना १९० जड जातो. म्हणून परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी यंत्र पुन्हा १८० वर, आणि झुरका एकच.